यवन मुखाकृती आणि दख्खनची चांदी : नहपान व सातवाहन नाण्यांवरील चित्रणाची चिकित्सा

प्रस्तावना

प्राचीन भारतीय नाण्यांच्या अभ्यासात 'यवन प्रभाव' हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की त्याचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. महाविद्यालयीन अध्यापनात पश्चिमी क्षत्रप आणि सातवाहन यांच्या चांदीच्या नाण्यांचा उल्लेख येतो तेव्हा बहुधा दोन विधाने केली जातात. पहिले असे की ही नाणी ग्रीक नाण्यांचे अनुकरण आहेत. आणि दुसरे असे की हे अनुकरण उत्तरोत्तर निकृष्ट होत गेले. पहिले विधान अपुरे आहे आणि दुसरे चुकीच्या निकषावर उभे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. नाण्यावरील चित्रणाचे मूल्यमापन शिल्पकलेच्या मापाने केल्यास नाण्याचे नाणेपणच नजरेआड होते. नाण्यावरील आकृती प्रथम ओळखली जावी लागते, मग ती स्वीकारली जावी लागते. तिचे सौंदर्य यानंतर येते.

विदर्भातील अभ्यासकाला या प्रश्नाचे एक वेगळे महत्त्व आहे. नाशिक येथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्यात अपरान्त, मूलक, अश्मक या प्रदेशांबरोबर विदर्भाचाही निर्देश आहे. वर्धा जिल्ह्यात धाम नदीकाठी असलेल्या पवनार येथे नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचा पुरावा मिळाला. त्याचा वृत्तान्त शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी प्रसिद्ध केला. एकाच राजघराण्याच्या अमलाखालील नाशिककडील प्रदेशात आणि विदर्भात नाण्यांवरील चित्रण मात्र एकसारखे नाही. हा फरक का पडला, याचे उत्तर 'यवन प्रभाव' या सरधोपट संज्ञेत सापडत नाही.

ग्रीक आदर्शाचे स्वरूप

अनुकरणाचा आरोप करण्यापूर्वी मूळ आदर्श कोणता, हे पाहणे आवश्यक आहे. ग्रीक चांदीची नाणी म्हणजे एकच शैली नव्हे. एजिना बेटाच्या नाण्यावर कासव, कॉरिंथच्या नाण्यावर पंख असलेला पेगॅसस घोडा, अथेन्सच्या नाण्यावर अथेना देवी आणि तिचे घुबड अशी प्रत्येक नगरराज्याची स्वतंत्र ओळख होती. सिसिलीतील सिराक्यूज नगरात इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस किमोन व युएनेटोस या कारागिरांनी आपल्या साच्यांवर स्वतःची नावे कोरली. अरेथुसेचे मुख आणि तिच्याभोवती पोहणारे डॉल्फिन यांचे तेथील अंकन आजही नाणेकलेचा उच्चांक मानले जाते.

याच्या उलट उदाहरण अथेन्सचे आहे. सुमारे १७.२ ग्रॅम वजनाच्या चार द्राख्मांच्या अथेनियन नाण्यावर अथेनेचा चेहरा बाजूने दाखवलेला असूनही तिचा डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा, बदामाच्या आकाराचा कोरलेला असतो. ही पुरातन पद्धत होती. त्याच नगरात पाचव्या शतकात फिडियससारखे शिल्पकार मानवी देहाचे अत्यंत वास्तव अंकन करीत होते. तरीही नाण्यावरील डोळा दीर्घकाळ बदलला नाही. अथेन्सला उत्तम कारागीर मिळत नव्हते, असे कोणीही म्हणणार नाही. भूमध्य समुद्राच्या दूरदूरच्या बंदरांत हे घुबड पाहताच व्यापारी चांदी स्वीकारत असे, आणि आकृती बदलली असती तर तो थबकला असता, हे या स्थितिशीलतेचे कारण होय.

म्हणजे ग्रीक परंपरेतच दोन प्रवृत्ती आढळतात. सिराक्यूजला नाणे हे कारागिराच्या प्रतिभेचे क्षेत्र आहे. अथेन्सला ते विश्वासाचे चिन्ह आहे. भारतातील नाण्यांना 'निकृष्ट अनुकरण' म्हणणारी दृष्टी नकळत सिराक्यूजचे माप हाती घेते आणि अथेन्सचा धडा विसरते.

भडोचपर्यंतचा प्रवास

जिवंत राजाचे मुख नाण्यावर आणण्याची प्रथा ग्रीक जगात प्रामुख्याने अलेक्झांडरनंतर रुजली. बॅक्ट्रिया आणि वायव्य भारतातील यवन राजांनी ती पुढे नेली, परंतु भारतात येताच तिच्यात महत्त्वाचे बदल झाले. वजन अॅटिक प्रमाणाहून कमी करण्यात आले, सुमारे २.४५ ग्रॅमचा हलका द्राख्म प्रचारात आला. एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीतील प्राकृत असा द्विभाषिक मुद्रालेख सुरू झाला. पहिल्या अपोलोडोटसने चौकोनी नाण्यांवर हत्ती आणि वशिंडाचा बैल आणला. मिनँडरने आपले मुख कायम ठेवून मागील बाजूस वज्र फेकणारी अथेना दाखवली. 'शुद्ध' ग्रीक नमुना दख्खनपर्यंत पोहोचलाच नाही. जो पोहोचला तो आधीच भारतीय व्यवहाराशी जुळवून घेतलेला होता.

या प्रवासाचा सर्वांत बोलका पुरावा 'पेरिप्लस' या ग्रंथात आहे. इ. स. च्या पहिल्या शतकातील या अज्ञात ग्रीकभाषक व्यापाऱ्याने बॅरिगाझा, म्हणजे भडोच, येथे अपोलोडोटस आणि मिनँडर यांची ग्रीक अक्षरांची जुनी द्राख्म नाणी आपल्या काळीही चालत असल्याची नोंद केली आहे. मिनँडरच्या मृत्यूला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. त्याच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी फायद्याने बदलून मिळत, असेही तो सांगतो. पैठण व तेर येथील माल याच भडोचकडे गाड्यांतून जात असे. यवन सत्ता गेली, पण यवन मुखाकृतीवरील बाजाराचा विश्वास मागे उरला. नहपानाच्या नाण्यांकडे पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

नहपानाची मुखाकृती

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात १३,२५० नाणी होती आणि ती सर्व क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९०८ मध्ये रॅप्सन यांच्या ब्रिटिश म्युझियमच्या सूचीने या नाण्यांना भारतीय इतिहासात कायमचे स्थान मिळवून दिले. दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारे राजमुख व भोवती ग्रीक अक्षरे. मागील बाजूस बाण आणि वज्र व भोवती ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील मुद्रालेख, अशी त्यांची रचना आहे.

येथे दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. पहिली गोष्ट ग्रीक अक्षरांची. यवन राजांच्या नाण्यांवर 'बॅसिलिऑस' ही ग्रीक भाषेतील राजपदवी असे. नहपानाच्या नाण्यावरील अक्षरे ग्रीक असली, तरी शब्द प्राकृत आहेत : 'राजा क्षहरात नहपानाचे' या अर्थाचा जो मजकूर ब्राह्मी व खरोष्ठीत आहे, तोच ग्रीक अक्षरांत लिहिलेला आहे. हे आंधळे अनुकरण असते तर जुन्या नाण्यावरील ग्रीक शब्दच मोडक्यातोडक्या रूपात उतरले असते. ज्याने हा मुद्रालेख योजला, त्याला ग्रीक अक्षरांचे उच्चार माहीत होते आणि ग्रीक भाषेची गरज वाटत नव्हती. लिपीचा मान राखून भाषा मात्र देशी ठेवण्याचा हा विचारपूर्वक केलेला निर्णय आहे.

दुसरी गोष्ट मुखांतील विविधतेची. एकाच नावाच्या या नाण्यांवर कधी तरुण तर कधी वृद्ध, कधी भरलेला तर कधी ओढलेला चेहरा दिसतो. नाकाची ठेवण आणि जबड्याची लांबीही बदलते. ही नहपानाच्या कुटुंबातील निरनिराळ्या व्यक्तींची मुखे असावीत, असा तर्क पूर्वी मांडला गेला. परंतु सर्व नाण्यांवर नाव एकट्या नहपानाचे असताना हा तर्क फारसा टिकत नाही. इतकी नाणी पाडण्यासाठी अनेक साचे आणि अनेक कारागीर लागले असणार. त्यांच्यापुढे प्रत्यक्ष राजा नव्हता. द्राख्मावर 'राजमुख' असते, ही रूढी होती. म्हणून या मुखाला व्यक्तिचित्र म्हणण्यापेक्षा पदचिन्ह म्हणणे अधिक योग्य ठरेल. व्यक्तिचित्र म्हणून पाहिल्यास त्यातील फरक हे कारागिराचे अपयश वाटते; पदचिन्ह म्हणून पाहिल्यास ते फरक बाधक राहत नाहीत, कारण चिन्हाचे काम सर्व नाणी सारखेच करतात.

मागील बाजूच्या वज्राबाबतही असेच म्हणता येईल. मिनँडरच्या नाण्यावर वज्र अथेनेच्या हातात होते. नहपानाच्या नाण्यावर देवी नाही. तिचे आयुध तेवढे उरले आहे आणि त्याच्या जोडीला बाण आला आहे. हीच आयुधे त्याचा पूर्वसुरी भूमक याच्या तांब्याच्या नाण्यांवरही आहेत. वज्र हे इंद्राचेही आयुध असल्याने भारतीय माणसाला ते परके वाटण्याचे कारण नव्हते. परक्या पुराणकथेतून दोन्ही संस्कृतींना कळेल असा अंश नेमका निवडण्यात आला.

गौतमीपुत्राचा ठसा

जोगलटेंभीच्या साठ्यातील सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला आहे. एका ठशात तीन कमानींचा चैत्य किंवा पर्वत आणि राजाचे नाव, तर दुसऱ्यात उज्जैन चिन्ह आहे. बलश्रीच्या लेखात हाच राजा शक, यवन व पह्लव यांचे निर्दालन करणारा आणि क्षहरात वंश निःशेष करणारा म्हणून गौरवला आहे. लेखातील ही भाषा आणि नाण्यावरील कृती यांची तुलना उद्बोधक आहे.

क्षहरातांचा उच्छेद घोषित करणाऱ्या राजाला ही सर्व नाणी वितळवून नवी पाडता आली असती. त्याने तसे केले नाही. ठशाखाली नहपानाचे मुख आणि अक्षरे अनेक नाण्यांवर अर्धवट दिसत राहिली. एवढेच नव्हे, तर साठ्यातील उरलेल्या सुमारे एक-तृतीयांश नाण्यांवर नवा ठसाच नाही आणि तरीही ती ठसा असलेल्या नाण्यांबरोबर एकत्र ठेवलेली होती. ज्याने हा साठा पुरला, त्याच्या लेखी दोन्ही नाणी जपण्याजोगी चांदी होती. उषवदाताच्या नाशिक लेखात विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण व्याजाने ठेवल्याचा आणि ३५ कार्षापणांस एक सुवर्ण या दराचा निर्देश आहे. ठेव, व्याज आणि विनिमयदर यांवर चालणाऱ्या अशा अर्थव्यवस्थेत चलन एकाएकी रद्द करणे कोणत्याही विजेत्याला परवडणारे नव्हते.

या पुनर्मुद्रित नाण्यांना सौंदर्यदृष्ट्या 'गोंधळलेली' म्हणणे सोपे आहे. वस्तुतः सातवाहन-क्षत्रप संघर्षाचे याहून प्रांजळ दस्तऐवज दुसरे नाहीत. प्रशस्तीत जे निःशेष झाले आहे, ते नाण्यावर शिल्लक आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने प्रशस्ती आणि नाणे या दोहोंपैकी एकावरच विसंबू नये, याचा हा उत्तम वस्तुपाठ होय.

मुख कोठे आणि हत्ती कोठे

गौतमीपुत्राच्या वारसांनी एक पाऊल पुढे टाकले. वासिष्ठीपुत्र पुळुमावी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी आणि गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी यांनी स्वतःचे मुख असलेली चांदीची नाणी पाडली. वजन आणि आकार क्षत्रप नाण्यांशी मिळतेजुळते होते. मागील बाजूस उज्जैन चिन्ह व पर्वत ही घराण्याची चिन्हे होती. यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपारा येथील स्तूपात मिळाले. या नाण्यांवर ग्रीक अक्षरे नाहीत. पुढे ब्राह्मीत प्राकृत आणि मागे ब्राह्मीतच द्राविडी वळणाची भाषा असे दोन मुद्रालेख आहेत. द्विभाषिक नाण्याची यवन कल्पना येथे टिकली, परंतु दोन्ही भाषा या भूमीतल्या झाल्या.

आता विदर्भाकडे वळू. तत्कालीन अकोला व सध्याच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सुमारे १,६०० सातवाहन नाण्यांचा साठा मिळाला. वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासामुळे तो प्रसिद्धीस आला आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखी पुराणांत न आढळणारी नावे त्यातून पुढे आली. ही नाणी पोटीन या मिश्रधातूची आहेत. त्यांच्यावर एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह आहे. राजमुख त्यांच्यावर नाही. ज्या पुळुमावीचे आणि यज्ञ सातकर्णीचे मुख पश्चिमेकडील चांदीवर आहे, त्यांचेच नाव येथे हत्तीभोवती आहे.

याचा अर्थ असा की मुखाकृती ही राजाची वैयक्तिक हौस नव्हती किंवा सर्वत्र पसरणारी सांस्कृतिक लाटही नव्हती. ती प्रामुख्याने एका धातूला आणि एका बाजारपेठेला बांधलेली होती. जेथे क्षत्रपांची चांदी आणि त्यापूर्वी यवनांचे द्राख्म खेळत होते, तेथे मुखाविना चांदी चालणे कठीण होते. विदर्भाच्या दैनंदिन देवघेवीत चांदीच्या द्राख्माची परंपरा नव्हती. तेथे हत्ती पुरेसा होता. म्हणून 'यवन प्रभाव' पश्चिमेस अधिक व विदर्भात कमी, अशी सांस्कृतिक प्रतवारी लावणे अयोग्य आहे. एकच टांकसाळ-धोरण दोन प्रदेशांत दोन प्रकारे राबवले गेले आणि दोन्हीकडे ते सुज्ञपणाचे होते.

अर्थात ही विभागणी काटेकोर भिंतीसारखी मानता येणार नाही. विदर्भाच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यातील सोनपूर येथे पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला आहे. चांदी मूल्यवान असल्याने ती प्रवास करते आणि साठवली जाते. पोटीनचे नाणे बहुधा जेथे चालते तेथेच राहते. बाहेरून आलेली चांदी साठवणे आणि आपल्या प्रदेशासाठी मुखाकृतीचे नाणे पाडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे.

अपकर्ष की रूपांतर

अपकर्षाच्या आरोपाचा मुख्य आधार चष्टनाच्या वंशातील क्षत्रपांची उत्तरकालीन नाणी हा आहे. त्यांवरील ग्रीक अक्षरे हळूहळू निरर्थक रेघा बनतात. मुखही साचेबंद होते. ही वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. काही साचे निःसंशय उणे आहेत आणि त्यांच्या कारागिरांचा हात अथेन्सप्रमाणे जाणीवपूर्वक आवरलेला नसून खरोखरच कच्चा आहे. परंतु त्याच काळात नाण्यावर काय वाढत गेले, हेही पाहिले पाहिजे. मागील बाजूस राजाबरोबर त्याच्या पित्याचे नाव व दोघांच्या पदव्या येऊ लागल्या. इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुखामागे शक संवताचे वर्षही कोरले जाऊ लागले. नाणे पाडल्याचे वर्ष, राजा आणि पिता यांची इतकी सलग नोंद प्राचीन भारतातील क्वचितच दुसऱ्या चलनात सापडते. या घराण्याची वंशावळ आज जवळजवळ वर्षवार लावता येते ती यामुळेच. डोळा आणि ओठ यांच्या कोरणीत जे उणे झाले, त्याच्या कितीतरी पट अक्षरांनी भरून काढले.

पुढील इतिहास या रूपाच्या चिवटपणाची साक्ष देतो. दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचा प्रदेश जिंकल्यावर त्यांच्याच धर्तीवर चांदीची नाणी पाडली, मागे गरुड आणला, पण ग्रीक अक्षरांचे अवशेष पुसले नाहीत. पाचव्या शतकात त्रैकूटकांनी आणि सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाने हेच रूप चालवले. कृष्णराजाच्या नाण्यावर मुखामागच्या बाजूस नंदी आहे. ही नाणी नाशिकप्रमाणेच अमरावती जिल्ह्यातील धामोरी येथेही मिळाली आहेत. म्हणजे मुखाकृतीची चांदी विदर्भातही आली, परंतु तोवर तिच्यात यवन असे काही उरले नव्हते. अंजनेरी येथील भोगशक्तीच्या इ. स. ७१० च्या सुमाराच्या ताम्रपटात 'कृष्णराज रूपक' असा या नाण्याचा उल्लेख आहे. राजा जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्याच्या नाण्याचा निर्देश होत होता. भडोचच्या बाजारात मिनँडरच्या द्राख्माचे जे झाले, तेच येथे पुन्हा झालेले दिसते.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. नाण्यावरील चित्रणाचा पहिला निकष ओळख व स्वीकार हा आहे आणि तो ग्रीक परंपरेलाही लागू पडतो. दख्खनच्या राज्यकर्त्यांनी यवन नमुन्यातून मुख, वजन व द्विभाषिकता घेतली आणि भाषा, चिन्हे व माहिती स्वतःची भरली. या निवडीला अनुकरण म्हणणे म्हणजे निवड करणाऱ्याची बुद्धी नाकारणे होय. आणि तिसरे, विदर्भातील हत्तीचे नाणे हे मुखाकृतीच्या नाण्यापेक्षा मागासलेले नसून वेगळ्या व्यवहाराला दिलेले वेगळे उत्तर आहे. नागपूर-वर्ध्याच्या विद्यार्थ्याला सातवाहनांचा इतिहास शिकवताना नाशिकच्या चांदीशेजारी तऱ्हाळ्याचे पोटीन ठेवले गेले, तर हा मुद्दा त्याला सहज उमगेल.

ग्रीक 'द्राख्म' या शब्दाचे भारतीय रूप 'द्रम्म' झाले. शिलाहारांच्या लेखांत ते आढळते. त्यापासूनच 'दाम' आणि 'दमडी' हे शब्द मराठीत आले. दामदुप्पट हा शब्द वापरणाऱ्या कोणालाही आपण ग्रीकांचे अनुकरण करीत आहोत, असे वाटत नाही, आणि तसे वाटण्याचे कारणही नाही. शब्दाच्या बाबतीत आपण जो न्याय सहज लावतो, तोच नाण्यावरील मुखाकृतीलाही लावला पाहिजे.